वाघमारे मॅडमनी न दिलेली यादी

वाघमारे मॅडम कुठल्याही मीटिंगला गणिताच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन यायच्या. कोपऱ्यातली खुर्ची धरायच्या, गठ्ठा मांडीवर घ्यायच्या आणि मीटिंग संपेपर्यंत वह्या तपासत राहायच्या. बोलणाऱ्या प्रिन्सिपल असोत की मुंबईहून आलेला कुणी सल्लागार, त्यांचा लाल पेन थांबत नसे. नव्या माणसाला वाटे, बाईंचं लक्ष नाही. मग मध्येच, मान वर न करता, त्या विचारत, "छान आहे. उद्या हे कोण करणार, ते ठरलं का?" आणि खोलीत सगळे एकमेकांकडे बघू लागत. ते कधीच ठरलेलं नसे.

आमची शाळा ताथवड्याहून माणकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. खाजगी, इंग्रजी माध्यमाची, दर्शनी बाजूला काच बसवलेली. समोर आयटीवाल्यांच्या उंच सोसायट्या, मागे पत्र्याच्या शेड आणि भाड्याच्या खोल्यांच्या ओळी. दोन्हीकडची मुलं आमच्याकडे येतात. समोरची फी भरून येतात. मागची कायद्याने राखून ठेवलेल्या जागांवर येतात. त्यांची आठवीपर्यंतची फी सरकार देतं. मी तिथे अकरा वर्षं मराठी शिकवतोय. मॅडम माझ्या आधीपासून गणित शिकवत होत्या.

काही वर्षांपूर्वी शाळेने 'समावेशन कक्ष' काढला. सगळ्या थरांतल्या मुलांना शाळा आपली वाटावी, हा हेतू. हेतूत खोट नव्हती. पहिल्याच मीटिंगला प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, "समन्वयक म्हणून वाघमारे मॅडमचं नाव सगळ्यांच्याच मनात आहे."

लाल पेन थांबलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"माझंच का?"

"तुम्ही सीनियर आहात."

"माझ्याहून सीनियर तिघं आहेत. त्यांतले दोघं इथेच बसलेत."

आमच्या सगळ्या स्टाफमध्ये बौद्ध घरातल्या त्या एकट्या होत्या. नाव त्यांचंच का, ते खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि ते तोंडाने म्हणण्याची कुणाची तयारी नव्हती. माझीही नव्हती. मॅडमनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि पेनाला टोपण लावलं. "बरं. करते. पण मला कौतुक नको, तास द्या. आठवड्यातले चार तास मोकळे करून द्या."

पुष्पगुच्छ लगेच आला. तास शेवटपर्यंत मिळाले नाहीत.

मॅडम मूळच्या कासारवाडीच्या. वडील पिंपरीच्या एका कंपनीत प्रेसशॉपला होते, आयुष्यभर तीन शिफ्टमध्ये फिरले. चार बहिणींत या थोरल्या. म्युनिसिपल शाळेतून शिकून बीएस्सी, मग बीएड. नवरा भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर, मुलगा हिंजवडीत नोकरीला. बुटक्या, सावळ्या, केसांत पांढरं बरंच. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. आवाज जरा बसलेला, वर्षानुवर्षं मागच्या बाकापर्यंत पोचवून पोचवून. मुलं त्यांना 'मिस' म्हणत आणि घाबरत नसत, हे गणिताच्या शिक्षिकेच्या बाबतीत थोडंथोडकं नव्हे.

त्यांच्या वर्गात खोडरबराला बंदी होती. उत्तर चुकलं तर खोडायचं नाही. त्यावर एक आडवी रेघ मारायची आणि खाली पुन्हा मांडायचं. "पुसलंस तर चुकलं कुठे ते तुलाही कळणार नाही आणि मलाही नाही," असं त्या म्हणत. पालक तक्रार घेऊन येत, वही गलिच्छ दिसते म्हणून. मॅडम ती वही उघडून त्यांच्यासमोर ठेवत. "हे बघा, ऑगस्टात तुमचा मुलगा इथे चुकत होता. नोव्हेंबरात इथे चुकतोय. केवढा पुढे आलाय." पालक वही घेऊन परत जात.

कक्षाचं काम त्यांनी तसंच केलं, मुकाट आणि बारीकसारीक. डायरीतल्या सूचना इंग्रजीबरोबर मराठीत जाऊ लागल्या. ते भाषांतर माझ्याकडे आलं. वाढदिवसाला वर्गभर भेटवस्तू वाटायची पद्धत बंद झाली. सगळ्यात चिवट निघाली ती पालकसभा. सभा शनिवारी व्हायची. मागच्या खोल्यांतले बाप सभेला येत नाहीत, त्यांना मुलांची पडलेली नाही, असं स्टाफरूममध्ये सर्रास बोललं जाई. मॅडम एकदा म्हणाल्या, "चाकण-भोसरीच्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते. शनिवारी कामावर खाडा पडतो." एवढी साधी गोष्ट, आम्ही सगळे याच पट्ट्यात राहणारे, पण कुणाच्या डोक्यात आली नव्हती. गुरुवारी संध्याकाळी एक जादा सभा ठेवायची, तर त्याला आठ महिने लागले. दर वेळी डायरेक्टरसाहेब म्हणत, बघू. मॅडम बाहेर येऊन मला म्हणत, "'बघू'ला तारीख नसते, देशमुख सर." आणि पुढच्या महिन्यात पुन्हा अर्ज देत. पहिल्या गुरुवारी सव्वीस बाप आले. काही कंपनीच्या गणवेशातच होते, ओव्हरटाइम उरकून आलेले. मॅडमनी त्या दिवशी खूश व्हायला हवं होतं. त्या खुर्चीवर बसून तळपाय चोळत म्हणाल्या, "आठ महिने लागले, सर. यात माझ्या दहावीची एक अख्खी उजळणी झाली असती."

त्या घरोघरीही जायच्या. बरोबर मला न्यायच्या, कारण त्या खोल्यांत मराठवाड्यातली माणसं बरीच आणि मी लातूरकडचा. "तुम्ही बोललात की बायका मोकळ्या होतात. माझ्याशी पुस्तकी बोलतात," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे कुणाची आई कुठे कामाला जाते, कुणाचे वडील ठेकेदाराकडे आहेत, कुणाच्या घरी अभ्यासाला जागा नाही, हे शाळेत आम्हा दोघांनाच माहीत होतं. मॅडम ते एका वहीत लिहीत आणि वही पिशवीतून घरी नेत. शाळेच्या कपाटात त्यांनी ती एक दिवसही ठेवली नाही.

गुरुवारची सभा सुरू झाली त्याच वर्षीच्या हिवाळ्यात शाळेने समावेशन सप्ताह ठरवला. बाहेरची एक संस्था शाळांचं मूल्यांकन करायला येणार होती. शेवटच्या दिवशी राखीव जागांवरच्या मुलांतून निवडक चौदा जणांना स्टेजवर बोलवायचं, प्रत्येकाची थोडक्यात ओळख वाचायची, सत्कार करायचा, आणि समोरच्या सोसायट्यांतला एकेक सोबती त्यांना जोडून द्यायचा, अशी कल्पना. प्रिन्सिपल मॅडमनी वाघमारे मॅडमकडे यादी मागितली. ऑफिसात नावं होतीच. पण नुसत्या नावांनी भागणार नव्हतं. त्यांना प्रत्येक मुलापुढे दोन-तीन ओळी हव्या होत्या. घर कसं, आई-वडील काय करतात, परिस्थिती काय.

"नाही देणार," वाघमारे मॅडम म्हणाल्या.

"आपण त्यांचं कौतुकच करणार आहोत ना?"

"वर्गात कोण कुठून आलंय हे आज मुलांना माहीत नाही. गेली चार-सहा वर्षं ती एका बाकावर बसतात. स्टेजवर उभं केलंत की माहीत होईल."

प्रिन्सिपल मॅडम वाईट नव्हत्या. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. "पण त्यात लपवण्यासारखं काय आहे?" त्यांनी विचारलं.

वाघमारे मॅडम तिथून उठून आल्या. मधल्या सुट्टीत आम्ही गेटसमोरच्या टपरीवर चहा प्यायचो, ती आमची नेहमीची. तिथे त्यांनी मला सांगितलं. अकरावीला त्यांच्या वर्गात दर महिन्याला एक सर यायचे, हातात रजिस्टर, आणि म्हणायचे, स्कॉलरशिपवाले उभे राहा. ऐंशीच्या वर्गात अकरा जण उभे राहायचे. "सर वाईट नव्हते हो. त्यांना सह्या घेऊन काम संपवायचं असायचं. पण पहिल्या महिन्यात माझ्या शेजारी बसणारी मुलगी दुसऱ्या महिन्यात तिसऱ्या बाकावर गेली. ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही." चहाचा कप त्यांनी टपरीच्या फळीवर ठेवला. "मला उभं राहण्याचा राग नव्हता. कधी उभं करतील ते ठाऊक नसायचं, त्याचा होता."

दोन दिवसांनी प्रिन्सिपल मॅडमनी मला बोलावलं.

पुढचं लिहायला जड जातं, पण लिहिल्याशिवाय मॅडमचं चित्र पुरं होणार नाही. प्रिन्सिपल मॅडमनी मला धमकावलं नाही. चहा मागवला. म्हणाल्या, "देशमुख सर, तुमचं मराठी किती सुंदर आहे. पालकांना कळावं म्हणून ओळख मराठीतच वाचू. तुम्ही त्या मुलांच्या घरी गेलेले आहात. एका तासाचं काम आहे." माझा करार मार्चमध्ये नव्याने व्हायचा होता. रावेतच्या फ्लॅटचा ताबा घेऊन जेमतेम वर्ष झालं होतं. पण ही कारणं मी नंतर शोधली. त्या क्षणी माझ्याच्याने नाही म्हणवलं नाही, एवढंच. मोकळ्या तासाला स्टाफरूममध्ये बसून मी चौदा नावं आणि त्यांच्यापुढे दोन-दोन ओळी लिहिल्या. खरं सांगायचं तर लिहिताना मला बरं वाटत होतं. वाक्यं चांगली उतरत होती.

कार्यक्रमाच्या दिवशी मैदानावर मांडव होता. गुरुवार होता, त्यामुळे बापही आले होते. मॅडमनी मिळवलेला तो गुरुवार शाळेने असा वापरला. नववीची एक मुलगी निवेदन करत होती. सातवी 'ब'च्या ऋतुजाचं नाव आलं. ऋतुजा मॅडमची आवडती विद्यार्थिनी, डोकं तल्लख आणि तोंड त्याहून. तिची आणि तिच्या बाकावरच्या अनन्याची उत्तरावरून रोज हुज्जत चालायची. ऋतुजा स्टेजवर आली, हात मागे बांधून उभी राहिली. निवेदिकेने वाचलं, "ऋतुजाची आई सकाळपासून तीन घरचा स्वयंपाक करते. वडील चाकणला ठेक्यावर काम करतात. तरीही ऋतुजा गणितात वर्गात पहिली येते."

टाळ्या पडल्या. अनन्याला तिची सोबती म्हणून वर बोलावलं गेलं आणि दोघींनी हात मिळवले. फोटो निघाला.

वाघमारे मॅडम मांडवाच्या टोकाला उभ्या होत्या. त्या माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "त्या 'तरीही'चं काय करायचं, सर?"

मी म्हणालो, "हो ना." तो 'तरीही' माझा होता.

ऋतुजा आठवडाभर शाळेत आली, मग यायची बंद झाली. घरी फोन केला तर आई म्हणायची, ताप आहे. नवव्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "चला." मी टाळायला बघितलं. वह्या तपासायच्या आहेत म्हटलं. त्या म्हणाल्या, "मी मीटिंगमध्ये तपासते ना? तुम्ही चालता चालता तपासा."

माणच्या जुन्या गावठाणापलीकडे खोल्यांची नवी ओळ झाली होती. एका म्हातारीला विचारलं. खोल्यांची मालकीणच होती. "ऋतुजाचं घर व्हय? त्या टाकीमागं हाय बघा. पोरगी भायेर येत न्हाई आठ दिस झालं. काय मारलंबिरलं का तुमी शाळंत?"

"नाही, आजी," मॅडम म्हणाल्या. "सत्कार केला."

एका खोलीचं घर. कॉट, गॅस, भिंतीला टेकवलेलं दप्तर. आई नुकती कामावरून आलेली. आम्हाला बसवून तिने चहाचं आधण ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काय करावं सर, लेकरू बोलंना झालंय. ताप बी न्हाई, काय न्हाई. मी म्हनलं, माझ्या कामाची लाज वाटती का गं तुला? तर रडाया लागली. म्हनली, तसं न्हाई."

ऋतुजा दारात पायरीवर बसली होती. मॅडम गुडघे धरत तिच्या शेजारी पायरीवरच बसल्या. मी कॉटवर होतो, दोघींचं बोलणं ऐकू येत होतं.

"कुणी काही बोललं का तुला?"

"नाही, मिस."

"चिडवलं?"

"नाही. सगळे चांगलं वागतात." मग म्हणाली, "अनन्या आता माझ्याशी भांडत नाही. माझं उत्तर चुकलेलं असलं तरी म्हणते, असू दे. स्वतःच्या डब्यातलं आधी मला देते. तिच्या आईने सांगितलंय."

मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही, काही समजावलंही नाही. त्यांनी तिला ती अकरावीच्या वर्गातली गोष्ट सांगितली, मला सांगितली होती तशीच, काही न वाढवता.

"मग तुम्ही काय केलं, मिस?"

"उभी राहिले. मग खाली बसून गणित सोडवलं. दुसरं काय करणार?"

"आता कुणी उभं करतं तुम्हाला?"

"करतात की. मागेच केलं. समन्वयक केलं." मॅडम जरा हसल्या. ऋतुजाला ते कळलं की नाही, मला माहीत नाही. पण ती त्यांच्याकडे वळून बसली. "उद्यापासून ये असं मी म्हणत नाही. तुझ्या मनाने ये. पण आलीस तर अनन्याला पुन्हा भांडायला लावायचं काम माझ्यावर सोपव."

आईने चहा दिला. कप हातात धरून मी तेव्हाच सांगायला हवं होतं. माझ्याच बोलीतली ती बाई समोर उभी होती, तिने माझ्यावर विश्वास टाकून घरचं सांगितलं होतं आणि मी त्याची वाक्यं केली होती. चहा प्यायलो आणि उठलो.

चौथ्या दिवशी ऋतुजा आली. मॅडमनी सातवी 'ब'ला जोडी-जोडीने सोडवायचं एक उदाहरण घातलं. पाण्याच्या दोन नळांचं, चांगलंच किचकट. एका जोडीला एकच कागद आणि एकच पेन. पहिला दिवस अनन्या म्हणत राहिली, तू म्हणशील तसं. मॅडमनी कागद परत दिला, "चूक." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी शेजारच्या वर्गात मी कविता शिकवत होतो आणि भिंतीपलीकडून दोघींचा आवाज चढलेला ऐकू आला. "अगं वेडी आहेस का, तो नळ पाणी काढतोय, भरत नाहीये." मी दारातून डोकावलो. मॅडम फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या. वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षिकेने अशा वेळी गप्प करायचं असतं. मला बघून त्यांनी नुसता हात केला, असू दे, म्हणून.

त्यानंतर त्यांनी व्यवस्थापनाला पत्र लिहिलं. मुलांच्या घरची माहिती पुन्हा कधीही जाहीर वाचली जाऊ नये, असा नियम करा, एवढीच मागणी. खाली त्यांची एकटीची सही. स्टाफरूममध्ये ते पत्र दोन दिवस टेबलावर होतं. आणखी कुणाला सही करायची असली तर, म्हणून. चार-पाच जणांनी वाचलं. मीही वाचलं. पत्र एका सहीनेच वर गेलं. उत्तर आलं की भावना समजल्या, योग्य वेळी विचार करू. संस्थेचं प्रमाणपत्र आलं, ते रिसेप्शनला लागलं. शाळेच्या माहितीपुस्तकात सप्ताहाचं एक पान आलं आणि त्यावर मॅडमचा फोटो, मांडवाच्या टोकाला उभ्या असलेल्या. खाली छापलं होतं की हे सगळं त्यांच्या प्रेरणेने झालं.

त्यांनी समन्वयकपद सोडलं. कुणी काही म्हटलं नाही. फक्त नव्या वर्षाच्या वेळापत्रकात त्यांची नववी-दहावी दुसऱ्यांकडे गेली आणि त्यांना पाचवी मिळाली. वीस वर्षं दहावीचं गणित शिकवणारी बाई. "पाचवी वाईट नाही हो," त्या म्हणाल्या. "अपूर्णांक तिथेच पक्के होतात. पण मला का दिली ते मला कळतं, आणि ते रोज कळत राहणं मला झेपायचं नाही आता." एप्रिलअखेर त्यांनी राजीनामा दिला. निरोपसमारंभ नको म्हणाल्या. शेवटच्या दिवशी आपल्या सगळ्या वर्गांच्या तपासलेल्या वह्या वाटल्या, पिशवी खांद्याला लावली आणि रिक्षात बसल्या. मी गेटपर्यंत गेलो होतो. त्या म्हणाल्या, "चहा कमी करा, सर. पित्त वाढतं तुमचं."

पुढे ऋतुजाची आठवी झाली. आठवीनंतर सरकार फी देत नाही. शाळेने सवलतीचा विषय मीटिंगमध्ये घेतला आणि बघू म्हटलं. उद्या हे कोण करणार, असं विचारणारं तिथे कुणी नव्हतं. जूनमध्ये तिचं नाव पटावर नव्हतं. वडिलांनी भोसरीला खोली घेतली आणि ती तिथल्या म्युनिसिपल शाळेत गेली. अनन्याने मला एकदा विचारलं, "सर, ऋतुजाचा नंबर आहे का?" माझ्याकडे होता. दिला.

त्याच जूनमध्ये प्रिन्सिपल मॅडमनी मला समन्वयक केलं. या वेळी मला का, असं मी विचारलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी कासारवाडीला गेलो. मॅडम घरच्याच पुढच्या खोलीत गणिताचा वर्ग घेत होत्या. सतरंजीवर दहा-बारा मुलं. ऋतुजाही होती, दर गुरुवारी संध्याकाळी वडील तिला मोटारसायकलवरून आणून सोडत. उंच झाली होती. मला बघून उठली, नमस्कार केला आणि पुन्हा वहीत बघू लागली. मुलं गेल्यावर मॅडमनी चहा केला. शाळेची, पित्ताची, रावेतच्या पाण्याची चौकशी केली. त्या थकलेल्या दिसत होत्या, पण आवाज सुटला होता. "आता मागचा बाक सहा फुटांवर आहे," म्हणाल्या.

मी म्हणालो, "मॅडम, ती यादी मी दिली होती."

"माहीत आहे."

"प्रिन्सिपल मॅडमनी सांगितलं?"

"छे. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर कागद पाहिला. टाईप केलेला होता. पण चौदा नावं, अठ्ठावीस ओळी आणि ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नाही. आपल्या शाळेत असं लिहिणारे तुम्ही एकटे."

मी कप खाली ठेवला. मग विचारलं, "मग ऋतुजाकडे मला कशाला नेलंत?"

"तुम्ही तिथे बसायला हवं होतं म्हणून."

"आणि कधी बोलला नाहीत ते?"

मॅडमनी कपबशी उचलली. "बोलून काय करणार होते? तुम्हीही तुटला असता. मग मधल्या सुट्टीत मी चहा कुणाबरोबर प्यायचा?" हे त्या सरळ म्हणाल्या, टोमणा म्हणून नाही. झालं गेलं विसरा असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मीही तशी अपेक्षा केली नाही.

निघताना त्या स्टेशनच्या वळणापर्यंत सोडायला आल्या. चालताना गुडघा धरत होत्या. वळणावर थांबल्या आणि म्हणाल्या, "आता समन्वयक तुम्ही. पुन्हा यादी मागतील. मागितली की मला फोन करा. एकट्याने नाही म्हणायला जड जातं. मला माहीत आहे ते."

गेल्या सोमवारी प्रिन्सिपल मॅडमनी मला बोलावलं. या वर्षीचा सप्ताह जवळ आलाय, मूल्यांकनवाले पुन्हा येणार आहेत, यादी हवी आहे. मी त्यांना म्हणालो, दहा मिनिटांत येतो. जिन्याखाली उभं राहून वाघमारे मॅडमना फोन लावला. मागे मुलांचा गलका होता. मी काय झालंय ते सांगायला लागलो, तर त्या म्हणाल्या, "थांबा दोन मिनिटं, सर. पोरांना एक उदाहरण घालून येते. मग निवांत बोलू."

त्या उदाहरण सांगत होत्या ते मला ऐकू येत होतं. फोन कानाला धरून मी थांबलो.